पुण्याला रिकाम्या हाताने

पुणे किती लांब, हे मी नेहमी सामानावरून ठरवत आले. ट्रॅव्हल्सने निघायचं म्हणजे संध्याकाळी आमच्या इथल्या प्रताप नगरातून बसायचं आणि सकाळी पुण्यात उतरायचं. अंग आंबून जातं, पण डिक्कीत पापड, सांडगे, तिखट, तांदूळ, काय वाट्टेल ते मावतं. विमान दीड तासात पोचवतं, पण पोती नेऊ देत नाहीत, म्हणून मी त्याला कधी विचारातच घेतलं नाही. पारशिवनीकडची शेतकऱ्याची लेक मी. मुलीकडे रिकाम्या हाताने जायचं म्हणजे आमच्यात नाक कापल्यासारखंच.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायची माझी फार हौस होती. पण डॉक्टर पुण्याची, नोकरी पुण्याची, तेव्हा मीच जायचं ठरलं. तारखेला अजून अवकाश होता. डिंकाचे लाडू करायला घेतले, अर्धा डिंक तुपात फुलवून झाला, तोच जावयांचा फोन आला. बाळाचे ठोके कमी होत होते. ऑपरेशन आज संध्याकाळीच. मागून लेकीचा आवाज आला, "आई, तू ये ना गं."

ट्रॅव्हल्सने सकाळ उजाडली असती. ह्यांनी गॅस बंद केला आणि जावयांना दुपारच्या विमानाचं तिकीट काढायला सांगितलं. मी मात्र पिशव्या भरत बसले.

"सामान राहू दे वं! तू जाय. मी रातच्या गाडीनं सारं घेऊन येतो."

"अन् लाडू?"

"जाय म्हटलं न तुले!"

विमानात पर्स पोटाशी धरून बसले. खिडकी मिळाली होती, एकदाही बाहेर पाहिलं नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा लेकीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. मला पाहून रडता रडता म्हणाली, "आई, काहीच आणलं नाहीस?"

"मी आली न बाई."

ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तिचा हात धरून चालले. दोन्ही हात मोकळे होते, म्हणून दोन्ही हातांनी धरला.

नात झाली. दोघी सुखरूप. त्या विमानाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सकाळी हे पोचले. दोन पोती आणि वर लाडवांचा डबा. आयुष्यात कधी चहा न केलेला हा माणूस!

"तुले फोन लावून राहिलो होतो, तर बंद. मंग टाकला उरलेला डिंक तसाच."

न तळताच! खडीसाखरेसारखा विरघळेल असं ह्यांना वाटलं होतं. डॉक्टरांनी खायला परवानगी दिल्यावर लेकीने पहिला लाडू तोंडात घातला आणि डिंक दाढेलाच चिकटला. टाके धरून धरून हसली पोर.

"काहून, बिघडले का वं?" लाडू लेकीच्या तोंडात, पण ह्यांनी विचारलं मलाच, इतके गोंधळले होते.

"नाही बाबा," लेक म्हणाली आणि दुसरा लाडू घेतला. डब्यातला एकही वाया गेला नाही.

आता मी बऱ्याचदा विमानानेच जाते. निघायच्या आधी लेकीचा फोन येतो, "बाबांच्या पद्धतीचे लाडू आणतेस ना?" मग मी सगळा डिंक नीट तळते आणि शेवटी मूठभर कच्चाच टाकते.