उसनं ऊन

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका कोर्टावर जीव असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगते, बघायची हौसही उरलेली नाही. सगळी नोकरी इथे गाझियाबादेत काढली, बाहेर दिवसभर हिंदी बोलले. पण वडील खानदेशातल्या कोर्टात बेलीफ होते, ते कोर्टाचं मराठी काकांच्या जिभेवरून काही हललं नाही. आमटी खारट झाली की काकूंना विचारायचे, "यावर तुझी कैफियत काय?" काकू म्हणायच्या, "निमूट भात कालवून खा, हीच कैफियत!" सकाळचा पेपर त्यांच्याआधी माझ्या नवऱ्याने उचलला, तर त्याचा पेपरवरचा ताबा बेकायदेशीर ठरायचा. असा हा माणूस, आणि त्याच्याच नशिबी खराखुरा दावा यावा!

झालं असं, की शेजाऱ्याने दोन्ही घरांच्या सामाईक अंगणात भिंत घातली, वर पत्रा टाकला, आणि काकूंच्या खोलीतलं ऊन गेलं. इथली थंडी ज्याने काढली आहे त्यालाच कळेल, ऊन जाणं म्हणजे काय ते. काकूंना संधिवात. दुपारी धुकं विरलं की त्या खिडकीशी बसून एकेक बोट मोकळं करायच्या, तेव्हा कुठे संध्याकाळच्या पोळ्या लाटल्या जायच्या. काकांनी दावा लावला. तारखेच्या दिवशी काकूंकडून हातावर दही घ्यायचे आणि त्याच शेजाऱ्याबरोबर एका ऑटोतून कोर्टात जायचे. मी म्हटलं, "काका, कमाल आहे हो तुमची!" तर म्हणाले, "वाद भिंतीचा आहे, ऑटोचा नाही."

मी कितीदा तरी म्हटलं, काकूंना आमच्या गच्चीत पाठवा, दिवसभर ऊन असतं. तेव्हा काकूंचे गुडघे जिना चढण्याजोगे होते. त्या पदर खोचून तयारही व्हायच्या, पण काका ताडकन म्हणायचे, "हक्काचं ऊन असताना उसनं कशाला?" असा राग यायचा मला! अहो, ऊन म्हणजे काय विरजण आहे, उसनं म्हणायला?

निकाल काकांच्या बाजूने लागला. भिंत पाडून अंगण मोकळं करावं, असा हुकूम झाला. काकूंनी शिरा केला, वाटीभर शेजाऱ्यालाही पाठवला. त्याने शिरा खाल्ला, भिंत ठेवली. काका मुळीच चिडले नाहीत. मलाच समजावत म्हणाले, "नुसत्या हुकमाने भिंत पडत नसते. त्यासाठी दरखास्त लावावी लागते." आपल्याकडच्या कोर्टात निकालाची अंमलबजावणी मागायची, तिला दरखास्त म्हणतात. त्यांनी वकिलाला सांगितलं, "दरखास्त लगा दो." पुढे कधीही फोन करावा तर तिकडून उत्तर, "लगा दी है, अंकल जी, बिल्कुल टेन्शन मत लीजिए." काकाही टेन्शन घेईनात. थंडीमागून थंडी गेली. काकूंचा आधी जिना सुटला, मग पोळपाट.

शेवटी काका स्वतः चौकशीला गेले. सोबत मी होते. कारकुनाने फाइल उलटीपालटी करून विचारलं, "इजराय कहाँ है?"

"दरखास्त लगाई है ना!" काका म्हणाले.

"लगी है, अंकल जी. नकल की दरख्वास्त लगी है. एक नहीं, कई लगी हैं."

मग उलगडा झाला. इथे दरख्वास्त म्हणजे साधा अर्ज, कुठलाही. भिंत पाडून घ्यायची तर लावावी लागते ती इजराय. काकांनी विचारलं की वकील निकालाची नक्कल मागणारा आणखी एक अर्ज ठोकून द्यायचा. दोघंही आपापल्या भाषेत खरंच बोलत होते. असा हुकूम तीन वर्षांच्या आत अमलात आणून घ्यायचा असतो, आणि ती मुदत केव्हाच टळून गेली होती. काका फाइलकडे बघत एवढंच म्हणाले, "शब्द तर बरोबर होता." मला तिथेच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात आले. चपला बाहेर काढून उभे राहिले.

"तुमच्याकडे थोडं ऊन उसनं मिळेल का?"

काकूंना खुर्चीत बसवून वर आणलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडली, तेव्हा तो शेजारीच धावत आला, "रुकिए अंकल जी, मैं पकड़ता हूँ." काकांनी त्याला जागा करून दिली.

गच्चीत काकूंनी हात उन्हात पसरले, डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "दिलं का हो शेवटी कोर्टाने?"

काका त्यांच्या पायांवरची शाल सारखी करत होते. म्हणाले, "हो. दरखास्त मंजूर झाली."

त्यानंतर रोज दुपारी खुर्ची वर यायची. होळीच्या आत काकू गेल्या.

भिंत अजून तशीच आहे. काका हल्ली आमटी कशीही झाली तरी गुपचूप जेवतात, आणि माझा नवरा मुद्दाम त्यांचा पेपर उचलून आणतो, तरी त्याला काही म्हणत नाहीत. काकूंची खुर्ची आमच्या गच्चीतच राहिली आहे. परवा मी विचारलं, "काका, खाली आणून देऊ का?"

"राहू द्या," ते म्हणाले. "तिचा ताबा आहे तिथे."