नितेशसरांसाठी लावलेला कौल

आमच्या खाजगी आयटीआयत वेल्डिंगचा मास्तर टिकत नाही. टिकेल कसा? फाटकासमोरूनच रोज लोट्याच्या एमआयडीसीतल्या, दुप्पट पगार देणाऱ्या कंपनीची बस जाते. संस्थेचे चेअरमन सखारामशेठ. शिक्षकांची निष्ठा वाढावी म्हणून त्यांनी पुण्याहून व्याख्याता आणला. 'स्वतःची किंमत ओळखा' हे तो इतक्या तळमळीने बोलला, की दोघांनी लगेच राजीनामे दिले. मी शिवणकाम शिकवते. मला कुठली बस नेणार, म्हणून मी आहे तिथेच.

उरला नितेश. पोरांचा हात हातात धरून लोखंडाचा सांधा शिकवणारा. शेठ मात्र त्याला पोरांदेखत 'ए नित्या' म्हणत. त्यालाही कंपनीचं बोलावणं आलं. तो गेला तर वर्ग बंद, आणि पोरांची परीक्षा तोंडावर. शेठचं धाबं दणाणलं. पण त्याच्याशी धड दोन शब्द बोलायचं सोडून हा बाबा निघाला ग्रामदेवीला कौल लावायला! आम्हा सगळ्यांना घेऊन, नितेशलासुद्धा.

सदू गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर नितेशने राहायचं, डावी पडली तर त्याला जायची मोकळीक. कळी काही हलेना. सदू म्हणाला, देवी अडून बसलीय, शेठ, तुमच्याकडून काहीतरी राहिलंय, कबूल करा.

झालं! शेठ लागले कबूल करायला. वर्कशॉपात धूर ओढणारा पंखा बसवीन. कळी ढिम्म. गळके पत्रे बदलीन. ढिम्म. रविवारी ह्याला माझ्या आंब्याच्या पेट्या ठोकायला बोलावणार नाही. इथे मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. शेवटी घामाघूम शेठनी हात जोडले.

"आई, नितेशसरांना पुन्हा ए नित्या म्हणणार नाही."

कळी पडली. डावी.

शेठ मटकन खाली बसले. मेल्याची कीव आली मला, खोटं कशाला बोलू.

नितेशने कळी उचलून कपाळाला लावली. "देवीने मोकळं केलं मला," तो म्हणाला. "आता राहतो तो माझ्या मर्जीने. पंखा कधी बसवताय?"

पायऱ्या उतरताना शेठनी मला हळूच विचारलं, समीक्षाबाई, तुम्ही तर कुठे जात नाही ना? मला आठवलं, माझ्या शिवणाच्या वर्गातली इस्त्री कधीची बंद पडलीय.

"काय सांगावं," मी म्हटलं, "एकदा माझाही कौल लावून बघा."