पट्टीमामांची स्वच्छ जखम

इस्पितळात त्यांना सगळे पट्टीमामा म्हणत. जखमा धुऊन पट्ट्या बांधण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती आणि या कामात आपला हात कोणी धरू शकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. ते खरंही होतं, म्हणून लोक ऐकून घेत. पट्टी सोडली की मामा वाकून रंग बघायचे, वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. मोठे डॉक्टरसुद्धा तो निकाल मुकाट्याने मान्य करायचे.

त्यामुळे मामींचं मनगट कुकरच्या वाफेने भाजलं, तेव्हा दुसऱ्या कोणाला दाखवायचा प्रश्नच नव्हता. मामांनी घरीच अशी सुबक पट्टी बांधली, की मामी ती शेजारणीला दाखवून आल्या.

तिसऱ्या दिवशी मामींना हुडहुडी भरून ताप आला. उलट्या झाल्या, अंगभर लाली पसरली. मामांनी पट्टी सोडून पाहिलं. पू नाही, वास नाही, सूज नाही. हाताचा यात काही संबंध नाही, पोट बिघडलं असेल, असं सांगून त्यांनी नवी पट्टी बांधली. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, असं मामी दोनदा म्हणाल्या. मामांनी त्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं. दुपारी मामी न्हाणीघराच्या दारात कोसळल्या, तेव्हा कुठे मामांनी त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई मामांच्या मुलीच्या वयाच्या. मामांनीच त्यांना पट्टी बांधायला शिकवलेलं. बाईंनी आधी सलाइन भराभर सोडलं आणि मग मनगटाची पट्टी कापायला घेतली.

"ती जखम स्वच्छ आहे," मामा म्हणाले. "सकाळीच बघितलीय मी."

"दिसते स्वच्छच, मामा. जंतू थोडेच असतील, पण ते विष सोडताहेत. एरवी आपल्या शरीराचे पहारेकरी शत्रू ओळखून थोडेथोडके उठतात. हे विष ओळखबिळख न पटवता त्यांना घाऊक उठवतं. आता जंतूंपेक्षा या पहारेकऱ्यांच्याच धुमाकुळाने नुकसान होतंय. रक्तवाहिन्या झिरपताहेत, म्हणून प्रेशर पडलंय."

मामी वाचतील ना, एवढंच मामांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी उगाच धीर दिला नाही. जखम पुन्हा धुतलीय, औषधं चालू केलीत, दोन दिवस जाऊ द्या, म्हणाल्या.

ते दोन दिवस मामा बाहेरच्या बाकावर बसून होते. येणारेजाणारे विचारपूस करत, चहा आणून देत. तो बाकावरच निवून जाई. बायकोने दोनदा सांगितलं आणि आपण मनगटाकडे बघत बसलो, हे त्यांना आतून खात होतं.

तिसऱ्या सकाळी मामींनी पाणी मागितलं. आठवडाभराने त्या उशीला टेकून बसायला लागल्या. पट्टी बदलायला दुसरा माणूस आला, तर त्याला परत पाठवून त्यांनी मामांनाच बोलावून घेतलं.

मामा हात धुऊन ट्रे घेऊन आले, पण पट्टीला हात लावायचं धाडस होईना.

"दोनदा सांगितलंस," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा का नाही ओरडलीस माझ्यावर?"

"तुम्ही बघितलं होतंत ना," मामी म्हणाल्या. "मला वाटलं, मीच उगाच कुरकुर करतेय."

मामांना पुढची पट्टी दिसेना. हात धुतलेले, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. ते मामींनी आपल्या चांगल्या हाताने पुसले.