न्हावरे ते महाबळेश्वर, कर्दे, कोल्हापूर: चार दिवस आणि मी दाबून ठेवलेला एक फोन

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मनीषा आणि मी दोघंच असे कुठंच गेलो नव्हतो. जेजुरी, मोरगाव, नातेवाइकांची लग्नं, एवढाच आमचा प्रवास. यंदा डिसेंबरात कंपनी चार दिवस बंद राहणार असं कळलं आणि मी घरी जाहीर करून टाकलं, डोंगर बघायचा, समुद्र बघायचा. गाई आबा बघणार, पोरं आईकडं.

मनीषा भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आन् कोल्हापूर बी करू. नितीन हाय तिथं."

"कोण नितीन?"

"दौंडचा. खो-खोतला. मागं सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं असेल. ती दौंडची, शाळेत खो-खो खेळायची, एवढं मला माहीत होतं. नितीन मुलांच्या संघाचा कॅप्टन होता, आता कोल्हापुरात एका शाळेत खेळाचा मास्तर आहे आणि महिन्याभरापूर्वी कुणाच्या तरी लग्नात तिचा नंबर त्याला मिळाला, हे मात्र त्या दिवशी कळलं. मी "करू की" म्हणालो. पण जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. आमच्या बाजूनं जाणाऱ्यांसाठी सांगतो, पुणे अजिबात गाठू नका. पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडायची, चौफुला, सुपे, मोरगाव, नीरा, लोणंद आणि सुरूरवरून वाई. कारखाने चालू असल्यानं उसाच्या ट्रॉल्या भरपूर, त्यामुळं तास-दीड तास जास्तीचा धरा. वाईत मिसळ खाल्ली आणि पसरणी घाट चढायला लागलो. खाली धोमचं पाणी दिसलं तशी मनीषानं काच खाली केली आणि फोटो काढला. माझा नव्हे, पाण्याचा.

"कुणाला पाठवतीस?"

"नितीनला. म्हणत होता, घाटातनं फोटो टाक म्हणून."

महाबळेश्वरात बाजारापासून जरा लांब खोली घेतली तर निम्म्यात मिळते. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच, आधी विचारून घ्या. दुपारी पॉइंटवर गेलो. दरीत धुकं होतं, डोंगरामागं डोंगर फिकट होत गेलेले. शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणत होत्या, "अहो, काहीच दिसत नाही, पैसे वाया गेले!" मनीषा हसली आणि मलाही हसू आलं. चांगला चालला होता दिवस. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला, तिनं वाचलं आणि पुन्हा हसली. हे दुसरं हसणं माझ्यासाठी नव्हतं. स्ट्रॉबेरी क्रीम मी अर्धं टाकलं.

शुक्रवारी आंबेनळी घाट उतरलो. वळणं अशी की ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटीच निघावं. पोलादपूरला हायवे लागतो, पुढं खेड, दापोली आणि तिथून कर्दे. समुद्राला लागूनच एका घरात दोन खोल्या भाड्यानं देतात, तिथं उतरलो. सुरमईची थाळी, तांदळाची भाकरी, सोलकढी. मालकीणबाई वाढताना आग्रह करत नाहीत, मागेल त्याला मात्र पोटभर.

संध्याकाळी वाळूवर एका शाळेची सहल आली होती. मुली पळापळी खेळत होत्या. मनीषा थोडा वेळ बघत उभी राहिली, मग चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि सरळ त्यांच्यात घुसली.

मी माझ्या बायकोला पळताना पाहिलंच नव्हतं. म्हणजे सुटलेल्या कालवडीमागं पाहिलं होतं, पण ते वेगळं. इथं ती अंग असं वळवत होती की समोरची पोर डावीकडं झेपावायची आणि ही उजवीकडं निघून गेलेली असायची. पोरी ओरडायला लागल्या, "काकी, काकी!" मालकीणबाई कठड्यावर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वैनी खेळाडू आहेत हो. तुम्ही बोलला नाहीत ते?"

काय बोलणार? ती इतकी भारी खेळते हे मलाच माहीत नव्हतं. आणि नितीनला माहीत होतं. अकरा वर्षं माझ्या घरात असलेल्या बाईची ही गोष्ट कुठल्या तरी मास्तरनं माझ्या आधी पाहिली होती, हे मला आतून जाळत गेलं.

शनिवारी सकाळी ती एकटीच समुद्रावर गेली. मोबाइल खोलीत राहिला होता. तो वाजला, नितीन. मी उचलून हॅलो म्हणालो.

"दाजी, नमस्कार!" मोकळा, मोठा आवाज. "बरं झालं तुम्हीच भेटला. आमचे दौंडचे सर लेकीकडं कोल्हापूरला आलेत. घाईघाईत सगळं जमवलंय. उद्या दहाला सरांचा सत्कार, त्याआधी नऊला जुन्या पोरी एक डाव खेळणार. मनीला सांगा, शाळेच्या मैदानावर यायचंच. सरांचं आता वय झालंय, पुन्हा कवा जमतंय कुणाला ठावं."

"सांगतो," मी म्हणालो. फोन ठेवला आणि यादीतून तो कॉल काढून टाकला. सहज काढला. त्याचीच मला आता जास्त लाज वाटते.

कर्देहून कोल्हापूर लांब आहे, सात तास धरा. चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढायचा, मग पाटण, कराड आणि पुढं मोठा हायवे. घाट सुंदर आहे म्हणतात. मी रस्ता सोडून काही पाहिलं नाही. मनीषा शेजारी बसून मला खो-खोच्या गोष्टी सांगत होती, खांबापाशी वळायचं कसं, सर कसे काठी आपटायचे. जितकं मन लावून ती सांगत होती, तितकी मी गाडी पुढं रेटत गेलो. संध्याकाळी लॉजवर ती म्हणाली, "नितीनला फोन करू का?"

"उद्या दर्शन झाल्यावर कर. आज थकलीस."

"व्हय, ते बी खरं."

रविवारी साडेआठलाच मी तिला अंबाबाईच्या रांगेत उभं केलं. रविवारी रांग मोठी असते, दोन-अडीच तास जातात, हे लॉजवाल्यानं सांगितलं होतं. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. फोन बंद करून पर्समध्ये. देवीपुढं ती हात जोडून उभी होती आणि मी घड्याळ बघत होतो. मग तांबडा रस्सा-पांढरा रस्सा कुठं चांगला मिळतो याची चौकशी, मग चपलांची गल्ली. तिच्या पायात नवी कोल्हापुरी चढवून बघत असतानाच तिनं मोबाइल चालू केला आणि नितीनला लावला.

"अरे, आम्ही कोल्हापुरातच..." एवढंच ती बोलली. पुढं नुसती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं माझ्याकडं पाहिलं. पायातली चप्पल काढून दुकानदाराच्या हातात दिली.

"तुम्हाला काल सांगितलं होतं त्यानं?"

"हो."

"का न्हाई सांगितलं?"

दुकानदार डबे आवरायला लागला. मी म्हणालो, "तुझा आन् त्याचा..."

"माझा आन् त्याचा काय?" तिचा आवाज चढला नाही. "दाजी म्हणतो तो तुम्हाला. आन् तो असू दे बाजूला. सर माझी वाट बघत बसले असतील सकाळपास्नं. चला."

मैदानावर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मंडपातल्या खुर्च्या उचलणं चालू होतं. सर एका झाडाखाली गळ्यात शाल घेऊन बसले होते, हातात जेवणाचं ताट. मनीषा त्यांच्या पायाशी वाकली आणि रडली. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"उशीर झाला का गं मने?"

"झाला, सर."

माझं नाव तिनं घेतलं नाही. म्हणून मीच पुढं झालो आणि सांगितलं. निरोप मला मिळाला होता, मीच दिला नाही. सगळे ऐकत होते. नितीन, जाड, टक्कल पडलेला, साधा माणूस, त्यानं मान खाली घातली. माझ्या जागी त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

सरांनी गळ्यातली शाल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पोरींनो, बसा रांगेत."

सहा जणी ताटं ठेवून उठल्या. सातवी नितीनची बायको, आठवा नितीन. आळीपाळीनं तोंडं फिरवून बसले. मनीषा नववी, पाठलागाला. कुणीतरी विचारलं, "सर, पळणार कोण?"

"हे पळतील की," सर माझ्याकडं बोट करून म्हणाले.

बूट काढून मी आत उतरलो. दोन-तीन वळणं जमली असं वाटलं. पण मागून "खो!" "खो!" असे आवाज येत राहिले आणि प्रत्येक वेळी नवा माणूस अंगावर. मला वाटलं मनीषा बसली असेल. ती खांबापासून सुटून आली. तिची थाप पाठीत बसली आणि मी मातीत तोंडावर पडलो. ती बाद करण्यापुरती थाप नव्हती. सगळे टाळ्या वाजवत होते. ती माझ्याकडं बघत धापा टाकत उभी होती, डोळे ओलेच, आणि मला हात देऊन उठवलं तिनं नाही, नितीननं.

परतीच्या वाटेवर सातारा मागं पडला. लोणंदला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "मला कुणी चांगलं म्हणलं की तुम्हाला काय व्हतं?"

मी म्हणालो, "आपलं काहीतरी कुणी उचलून नेलं असं वाटतं."

"मी काय भांडं हाय?" म्हणाली आणि चहा संपवला.

या सहलीचं काय उरलं, असं कुणी विचारलं तर डोंगर, समुद्र, शहर तिन्ही चार दिवसांत होतं, आरामात होतं, जरूर करा. आमचं म्हणाल तर मनीषा आता दर रविवारी पहाटेच्या गाडीनं दौंडला जाते. तिथल्या चार-पाच जणींनी पुन्हा खेळायला सुरुवात केली आहे. गाई त्या दिवशी माझ्याकडं. मी अजूनही जळतो, खोटं कशाला सांगू. पण फोन वाजला की हाक मारतो आणि तिच्या हातात देतो.

गेल्या रविवारी ती आली तेव्हा गुडघा सोललेला होता. मी हळद आणली आणि विचारलं, कसं लागलं.

"खांबापाशी सूर मारला," ती म्हणाली. "लई दिवसांनी जमला."

"कुणी बघितला?"

"सगळ्यांनी."

मी हळद लावत राहिलो.