आईच्या वाटणीचं अंडं

सालोमीमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंडोरीच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. शिपायाने ऑफिसात बोलावलं. पलीकडून माझी धाकटी बहीण रिबी म्हणाली, "ताई, मावशी झोपेतच गेली गं." मी आधी तिच्यावरच डाफरले, की सकाळी सकाळी काहीबाही बोलू नकोस... मग खुर्चीत बसले. ईस्टर तोंडावर आला होता. नाशिकरोडला पोचेपर्यंत एसटीत माझ्या डोक्यात एकच घोकणं, की कांद्याची सालं गोळा करायची राहिली. मावशी गेली आणि मला सालं आठवत होती! मन म्हणजे एक नंबरचं निलाजरं.

मावशी आईची थोरली बहीण. आईला कावीळ झाली आणि बघता बघता ती गेली, ते नव्वदीतलं साल. वडील त्याआधीच गेलेले. मी दहाची, रिबी चारची. मावशीनं लग्न केलं नव्हतं. नोटांच्या प्रेसच्या क्वार्टर्सच्या मागे तिची एक खोली, खोलीत एक शिलाई मशीन, आणि शाळांचे गणवेश शिवून चालणारं पोट. त्या पोटात आम्ही दोघी येऊन पडलो. मावशी कुरकुरली नाही, पण गोडगोडही बोलली नाही. "रडायचं असेल तर रडून घ्या, पण कापडावर नाही. लोकांचे गणवेश आहेत," असं म्हणणारी बाई ती.

मी रडले. रिबी रडली नाही, तिनं जेवणच सोडलं. घास तोंडाशी नेला की दात आवळून धरायची. दुधात भिजवलेला पाव द्यावा तर थुंकून टाकायची. पोर वाळून काडी झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ही हाती लागायची नाही. मावशीचं मशीन त्या दिवसांत मध्येच थांबायचं आणि ती नुसती रिबीकडे बघत बसायची. आणि त्यातच ईस्टर आला.

चर्चच्या मुलांची पार्टी असायची, पण तिला वर्गणी होती. बेकरीत साखरेची रंगीत अंडी मिळायची, तीही आमच्यासाठी नव्हती. मावशी म्हणाली, "सण काय बेकरीवाल्याचा आहे?" पिशवी घेऊन ती मंडईत गेली आणि कांद्याची गळालेली सालं भरून आणली. भाजीवाल्यानं विचारलं, "बाई, शेळ्या पाळल्या का काय?" मावशी म्हणाली, "हो ना. दोन हायेत, लय गुणी!" सालं उकळली की पाणी लालभडक व्हायचं. अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवून वरून आईच्या जुन्या साडीची चिंधी घट्ट बांधायची आणि त्या पाण्यात अंडं उकडायचं. चिंधी सोडली की लाल अंड्यावर पानाची पांढरी नक्षी. आम्हा तिघींची तीन, आणि चौथं आईच्या वाटणीचं.

आईची अंडं खायची एक तऱ्हा होती. ते बरोबर मधोमध फोडून टरफलाच्या दोन वाट्या करायची, पांढरं मला द्यायची आणि अख्खा बलक न मोडता रिबीला. मग त्या वाट्या एकात एक बसवून ठेवायची. मी कुरकुरले की, "तू मोठी ना गं!" मावशी मला बाजूला घेऊन म्हणायची, "थोरल्यांच्या नशिबी पांढरंच असतं, बाळे. मलाही तेच मिळालंय."

शनिवारी संध्याकाळी आम्ही कब्रस्तानात गेलो. तिथं सगळेच जमतात, कबरींना चुना लावतात, फुलं ठेवतात. मावशीनं आईच्या कबरीवर मोगरा आणि ते अंडं ठेवलं. पाळकसाहेब जरा नाराज झाले. "सालोमीबाई, पोरांना इथं कशाला? भितील." मावशी म्हणाली, "कबर रिकामी सापडली म्हणूनच सण ना आपला? मग भ्यायचं कशाला?" अंधार पडला, फाटकाला कुलूप लागलं, आम्ही घरी आलो. मावशी दाराला पाठ लावून झोपली, आम्ही दोघी तिच्या कुशीत.

पहाटे मेणबत्त्या घेऊन सगळे परत आले. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" म्हणत आम्ही आईपाशी पोचलो. अंडं सोललेलं होतं. टरफलाच्या लाल वाट्या एकात एक. वरच्या वाटीत अख्खा बलक. पांढरं कुठं नव्हतंच. मी एक पाऊल मागे सरले. रिबीनं मात्र मेणबत्ती माझ्या हातात दिली, खाली बसली आणि बलक खाल्ला. मावशी तिला अडवेना. घरी येऊन रिबीनं भात मागितला.

मग दरवर्षी तेच. मी काय मूर्ख नव्हते. मुंगूस अंडं खाईल, पण वाट्या एकात एक बसवणार नाही. हे मावशीचंच काम, हे मी मनात पक्कं केलं होतं. रिबीसाठी करते, करू दे बापडी. रिबी मोठी झाली, लग्न होऊन देवळाली कॅम्पला गेली, तरी ईस्टरला यायची आणि आपला बलक खायची.

शेवटच्या भेटीत मावशीचा आवाज अगदी खोल गेला होता. माझा हात धरून म्हणाली, "थोरले, रिबी जगली ती तुझ्यामुळं. लहान वयात कसं सुचलं तुला, पहाटेच्या गर्दीत पुढं पळून तो बलक ठेवायचं?" मला वाटलं, भ्रम झालाय. म्हटलं, "मावशी, मी कुठं? तूच ठेवायचीस ना?" तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. "मी? अगं, मी दाराला पाठ लावून तुमच्याजवळच नव्हते का..." पंखा फिरत होता. शेवटी ती पुटपुटली, "बरं झालं, आधी कळलं नाही ते. मी भ्यायले असते."

या ईस्टरला रिबीनं आणि मी सालं उकळली. तीच चिंधी, आता पार विरलेली. आई आणि मावशी शेजारी शेजारी आहेत. मावशीच्या कबरीची माती अजून ओलसर. शनिवारी दोघींना एकेक अंडं ठेवलं. मी स्वतः फाटकाला कुलूप लागताना पाहिलं.

पहाटे मावशीच्या कबरीवर काहीच नव्हतं. सगळं आईकडे होतं. दोघींची टरफलं, चारही वाट्या एकात एक. वरच्या वाटीत दोन बलक, अख्खे. भोवती इतकी फुलं होती, पण बलकांवर मुंगीसुद्धा नव्हती. रिबीनं नेहमीसारखा आपला उचलला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हा दुसरा तुझा."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मी तो खाल्ला. अजून कोमट होता.