सहाव्या होलावरचा आठवा फटका

सुभेदार किसन डांगे गेले तेव्हा क्लबातल्या मंडळींनी त्यांच्यावर दोन शब्द लिहायला मला सांगितलं होतं. मी डोळ्याच्या ऑपरेशनचं निमित्त सांगितलं. वर्षभरानं पुन्हा विचारलं, तेव्हा डोळा बरा झाला होता, म्हणून गुडघ्याचं सांगितलं. सुभेदारांबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार होतं आणि ते मला नको होतं. आता मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. त्या वेळच्या कमिटीतले बाकीचे सगळे गेले. मी लिहिलं नाही तर सुभेदारांच्या नावावर जे लागलंय ते तसंच राहील.

आमचं मैदान साताऱ्याच्या बाजूला, एका माळावर. नऊच होल, म्हणून दोन फेऱ्या मारून अठरा पुरे करायचो. होलाभोवती हिरवळ नव्हती, तेल मारून दाबलेली वाळू होती. मी विश्रामबागेतून दर रविवारी पहाटे गाडी काढायचो आणि कडेगावच्या स्टँडवर सुभेदारांना घ्यायचो. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खांद्यावर पाचच काठ्यांची पिशवी. फौजेत असताना छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती, तिथं साहेबांचं बघून शिकले. घरी ऊस होता, दोन म्हशी होत्या. गाडीत बसल्या बसल्या विचारायचे, “सर, आज किती मारणार?” मी म्हणायचो, “ब्याऐंशी.” ते हसायचे. “आवं, आधीच ठरवलंय व्हय? मग खेळायचं कशाला? कार्ड भरून घरीच बसूया की.”

ते थट्टा करतात, असं मला वाटायचं.

कार्ड भरायची त्यांची रीत सगळ्या क्लबात चेष्टेचा विषय होती. प्रत्येक होल झाला की हातमोजा काढायचा, चष्मा लावायचा, एकेक फटका बोटावर मोजायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, “सात. लिवा, सात.” एकदा त्यांची काठी बॉलच्या वरून नुसती वारा घालून गेली. मी म्हटलं, “सोडा हो सुभेदार, सराव होता.” ते म्हणाले, “सराव कसला सर? मी मारायलाच गेलतो. बॉल हालला न्हाई ही बॉलची चूक न्हाई.” आणि एक वाढवून घेतला. आमच्याकडे होलापासून दोन हातांवर बॉल आला की समोरचा “दिला” म्हणायचा आणि तो फटका आम्ही न मारता, न मोजता खिशात घालायचो. सुभेदार तो मारल्याशिवाय उचलायचे नाहीत. “दिल्यालं मला नगं. पडला तर माझा.”

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला सवलत मिळते. त्याच्या रोजच्या कार्डांवरून एक आकडा ठरतो, त्याला हँडिकॅप म्हणतात, आणि स्पर्धेत तेवढे फटके त्याच्या एकूण फटक्यांतून वजा होतात. कार्ड स्वतःचं स्वतः भरून चालत नाही. सोबतचा खेळाडू मार्कर असतो, तो आकडे लिहितो आणि शेवटी दोघं सही करतात. एखाद्यानं रोजच्या खेळात मुद्दाम जास्त आकडे लिहिले तर सवलत वाढते आणि स्पर्धेच्या दिवशी तो चांगला खेळून कप घेऊन जातो. याला आम्ही ‘कार्ड फुगवणं’ म्हणायचो. मी गणिताचा प्राध्यापक, म्हणून हँडिकॅप कमिटीचा सचिव होतो. जास्त आकडा दिसला की माझे कान उभे राहायचे. कमी आकड्यांची कार्डं मी कधीच तपासली नाहीत. माझा स्वतःचा हँडिकॅप बारा होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

सुभेदारांचा बावीस होता. त्या वर्षीच्या स्पर्धेत ते एकोणनव्वद फटक्यांत खेळले. बावीस वजा जाता सदुसष्ट. पार, म्हणजे पक्क्या खेळाडूला अठरा होलांना लागावेत तेवढे फटके, सत्तरचा होता. कप त्यांना मिळाला. स्पर्धेत ‘दिला’ चालत नाही, प्रत्येक बॉल होलात पडेपर्यंत मारावा लागतो. मी सत्त्याण्णव मारले.

अध्यक्ष होते साताऱ्याचे एक निवृत्त डॉक्टर. चहा घेताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “प्रोफेसर, तुमच्या गाडीतनं येतो ना तो? लक्ष ठेवा. फौजी आहे, नेम धरून फुगवलंय.” मला ते लगेच पटलं. मला ते पटायलाच हवं होतं.

पुढचे तीन रविवार मी त्यांचा मार्कर झालो. उजव्या खिशात शेंगदाणे भरून घ्यायचो आणि त्यांच्या प्रत्येक फटक्याला एक शेंगदाणा डाव्या खिशात सरकवायचो. त्यांनी दुसऱ्याच रविवारी विचारलं, “सर, ते शेंगदाणं नुसतं फिरवताय का खाताय बी?” मी ओशाळून दोन तोंडात टाकले आणि त्या होलाचा हिशेब चुकला. बाकी सगळे जुळत होते. एकेक होल जुळला की मला बरं वाटायच्या ऐवजी चीड यायची. सराईत आहे, असं मनात म्हणायचो.

तिसऱ्या रविवारी, सहाव्या होलावर, त्यांचा बॉल बाभळीखाली वाळक्या पाल्यात गेला. होल संपला तेव्हा माझ्या डाव्या खिशात सात शेंगदाणे होते. सुभेदारांनी चष्मा लावला, बोटं मोजली आणि म्हणाले, “आठ.” मी काही विचारलं नाही. मुकाट्यानं आठ लिहिले, शेवटी कार्डावर मार्कर म्हणून सही केली आणि मनातून खूश झालो. चोर सापडला होता.

कमिटीच्या बैठकीत मी ते कार्ड टेबलावर ठेवलं. सुभेदार उभेच होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, “सात मारले आणि आठ लिहिले, असं का?”

“दंडाचा एक हाय साहेब,” सुभेदार म्हणाले. “पाल्यात काठी टेकवताना माज्या हातनं बॉल हालला. परत जाग्यावर ठिवला आन् एक वाढवला. नियमच हाय तसा.”

“कुणी पाहिलं?”

“कुणी न्हाई. पर मी सरांना आरडून सांगितलं, सर, बॉल हालला, एक वाढवतो. सरांनी हात वर केला.”

आणि ते ऐकताच मला सगळं आठवलं. बाभळ, त्यांची हाक, माझा वर गेलेला हात. त्या हाताच्या चिमटीत शेंगदाणा होता. मोजण्यात मी इतका गुंतलो होतो की हाक कानावरून गेली होती. पण ती ऐकली होती, यात शंका नव्हती.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “प्रोफेसर, तुम्हाला सांगितलं होतं का यांनी?”

मी हो म्हणालो असतो तर विषय तिथंच संपला असता. पण मग पुढचा प्रश्न आला असता. हा माणूस न दिसलेला फटकाही लिहितो, तर त्याचा बावीस खरा असणार. मग आमचे बारा आणि चौदा काय होते? टेबलाभोवती बसलेल्या पाचही जणांची कार्डं बाहेर आली असती. सगळ्यात वर माझं.

“नाही,” मी म्हणालो. “मला काही सांगितलं नाही.”

“मग सही कशी केलीत?”

“नजरचुकीनं.”

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बॉल कुठं पडला हे शोधताना पाहायचे तसं. मग म्हणाले, “सर न्हाई म्हणत्यात, तर मग न्हाई. लिवा तुमाला काय लिवायचं ते.”

कमिटीनं त्यांचा हँडिकॅप बावीसवरून दहा केला. वहीत ‘कार्डात फेरफार’ असं कारण माझ्या अक्षरात आहे. कप त्यांनी पुढच्या रविवारी चिंचेनं लख्ख घासून आणून दिला. त्या बैठकीनंतर ते माझ्या गाडीत बसले नाहीत. पाच काठ्यांची पिशवी घेऊन एसटीनं यायचे.

यायचे मात्र. दहाच्या हँडिकॅपनं प्रत्येक वेळी शेवटचे यायचे आणि तरी एकेक फटका लिहायचे. एकच बदल झाला होता. दंड पडला की लांबून हाक मारायचे नाहीत. जो कोणी मार्कर असेल त्याच्यासमोर चालत जायचे, त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचे, “बॉल हालला. ऐकलंसा?” तो हो म्हणेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. नवी पोरं हसायची. मी दुसरीकडं बघायचो.

त्याच हिवाळ्यात मी एकटाच मैदानावर गेलो आणि सुभेदारांच्या रीतीनं स्वतःचे फटके मोजले. असे सहा रविवार मोजले. माझा हँडिकॅप एकवीस निघाला.

पुढं सुभेदारांचा खुबा मोडला आणि खेळ थांबला. दोन वर्षांनी मी एकदाचा कडेगावला त्यांच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर बसले होते. काकूंनी चहा आणला. “सर, वाट वाकडी करून आलासा, काय काम काढलं?” त्यांनी विचारलं. काय बोलायचं ते मी पलूसपासून गाडीत घोकत आलो होतो. आणि म्हणालो, “काही नाही, इकडनं चाललो होतो.” मग उसाला तोड कधी मिळणार, यावर अर्धा तास बोललो.

निघताना त्यांनी विचारलं, “आता मार्कर कोण हाय तुमचा?”

“कुणी नाही. एकटाच खेळतो.”

“एकट्याचं कार्ड धरत न्हाईत सर,” ते म्हणाले. “दुसऱ्याची सही लागती.” आणि थांबले. मला वाटतं, त्यांनी मला बोलायला जागा करून दिली होती. मी चपला घातल्या.

चार महिन्यांनी ते गेले. मातीला गेलो, पण गर्दीत मागं उभा राहिलो.

सुभेदार, सहाव्या होलावर तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. कमिटीसमोर मी खोटं बोललो. मला माफ करा.