दहापैकी नऊ

पिजन फोर्कच्या डोंगरातली शाळेची बस व्हर्ना स्टॅम्पर सत्तावीस वर्षं चालवत होती. या काळात तिने सात मुख्याध्यापक पाहिले. त्यांतले सहा तिच्या मते निरुपयोगी होते. सातवा, ड्वाइट हेन्सली, उपद्रवी होता. तो आधी फुटबॉलचा प्रशिक्षक होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट गुणफलकावर मांडता येते अशी त्याची पक्की समजूत होती.

कोणत्या घरातून कोणतं मूल कसल्या तोंडाने बाहेर पडतं, हे व्हर्नाला रोज सकाळी दिसायचं. ट्रीव्हा कोम्ब्स, वय पंधरा, मावशीकडे राहायची. बाप तुरुंगात होता. आई नशेच्या गोळ्यांच्या नादाने गेली, आणि ती स्वयंपाकघरात पडलेली पहिल्यांदा दिसली ती आठ वर्षांच्या ट्रीव्हालाच. पोरगी तेराव्या वर्षापासून ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायची. बसला जरा हिसका बसला की पांढरीफटक पडायची, म्हणून व्हर्ना प्रत्येक वळणाआधी मोठ्याने सांगायची, "वळण आलं गं." असलं कौतुक तिने याआधी कुणाचं केलं नव्हतं. दोन वर्षांनी ट्रीव्हा बसमध्ये झोपायला लागली. घरी तिला झोप येत नसे.

मग शाळेत कणखरपणा सप्ताह आला. निळे टी-शर्ट आले, फुगे आले, आणि दहा प्रश्नांचा एक कागद आला. घरात मारहाण पाहिली का, घरातलं कुणी तुरुंगात आहे का, असलं सगळं. जितके 'हो', तितका आकडा. नाव गुप्त राहील असं मुलांना सांगितलं होतं. हे कागद वाचणारी समुपदेशक बाई चार शाळांत मिळून एक, आणि इथे यायची फक्त मंगळवारी. शुक्रवारच्या समारंभाची घाई होती, तेव्हा कागद ड्वाइटनेच तपासले. ज्याचे गुण जास्त तो जिंकला, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक होतं.

समारंभाला व्हर्ना जिमच्या दारात उभी होती. ड्वाइट माइकवर गरजला, "दहापैकी नऊ! शाळेत पहिली! ट्रीव्हा कोम्ब्स, ये वर, आणि सांग सगळ्यांना, एवढं सोसून तू ताठ कशी उभी राहिलीस?"

चारशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. बँडही वाजला. ट्रीव्हाने गळ्यात पदक घालू दिलं आणि ती चालत बाहेर निघून गेली. "बघा, किती विनम्र आहे," ड्वाइट म्हणाला. अक्कल वाटली जात असताना हा माणूस मैदानावर शिट्टी फुंकत असणार.

व्हर्ना बसकडे धावली. ट्रीव्हा नेहमीच्या सीटवर नव्हती. अगदी मागे, दोन सीटांच्या मधे खाली, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पदक बसच्या पायरीवर पडलं होतं. मागोमाग ड्वाइट आला.

"मिस व्हर्ना, पेपरचा माणूस फोटोसाठी थांबलाय. दोनच मिनिटं पाठवा तिला."

"ड्वाइट, तू लहानपणी माझ्याच बसमध्ये उलट्या करायचास. मी तुला कधी लोकांपुढे उभं करून टाळ्या वाजवल्या?"

"अहो, कौतुकच केलं ना मी? नऊ गुण म्हणजे..."

"नऊ गुण म्हणजे नऊ घाव, गाढवा. आता त्या कागदावर दहावा लिही, आणि पुढे तुझं नाव घाल."

त्याला समजलं की नाही कोण जाणे. त्याने पदक उचललं, शर्टाला पुसलं आणि निघून गेला. व्हर्नाने दार लावलं आणि मागे जाऊन पोरीशेजारी खालीच बसली. एकसष्टाव्या वर्षी ते सोपं नव्हतं.

ट्रीव्हाने विचारलं, "मिस व्हर्ना, आता सगळ्यांना कळलं ना?"

व्हर्नाला खोटं बोलावंसं फार वाटलं. पण या पोरीला आजवर भेटलेलं प्रत्येक मोठं माणूस खोटंच बोललं होतं.

"हो गं," ती म्हणाली. "कळलं."